मधला आकडा

गुरुवारी दुपारी कागद येतो.
पूर्वी पाकिटातून यायचा, आता शेखच्या मोबाइलवर येतो,
तरी आम्ही त्याला कागदच म्हणतो.
उद्या काय बोलायचं ते त्यात असतं:
सहा पानं, दहा मिनिटं,
शेवटी दुआ, कुणाकुणासाठी तेही नावानिशी.

रास अल खैमाची औद्योगिक वस्ती,
टायरांच्या गोदामामागे आमची मशीद.
माइक, भोंगे, वायरी माझ्याकडे.
मी हमजा परकार, बाणकोटच्या खाडीकाठचा,
सतरा वर्षं इथं. तिशीतच केस गेले, इथल्या खाऱ्या पाण्यानं
(असं मी म्हणतो. वडलांचेही गेले होते).

औकाफचे साहेब आले, हातात आवाज मोजायचं यंत्र.
बटण फिरवून पाचवर आणलं, वर चिकटपट्टी लावली.
दहापैकी पाच, म्हणाले. मधला आकडा.
मजकुराचंही तेच बघ, वसतिय्या,
ना इकडं टोक, ना तिकडं.
भला माणूस. चहात साखर जास्त पडली होती, तरी संपवला.

कागदाआधीचं सांगतो.
शेख महजूब, सुदानचा, सुरूच्या झाडासारखा उंच,
मिंबरवर चढला की माझी सुई लाल रेघेत.
एका जुम्म्याला उरुसावर घसरला:
कबरीवर चादर घालतो तो आपल्यातला नाही.
खाली पेशावरचा दर्जी उर्दू करून सांगायचा,
त्यानं माझ्याकडं बघितलं आणि ते वाक्य गिळलं.
पण तेवढं अरबी मला येत होतं.
त्याच आठवड्यात आई फोनवर म्हणाली होती,
तुझ्या नावची चढवली रे, हिरवी, जरीची, साडेआठशे पडले.
मी वायर गुंडाळत बसलो.
कुणीतरी ह्याचा आवाज कमी करा, असं तेव्हा
मलाच वाटलं होतं.

आणि त्याच शेखनं, दोन महिन्यांनी,
त्याच मिंबरवरून सळईच्या कारखान्याच्या मालकाचं नाव घेतलं.
मालक पहिल्या रांगेत, अत्तर लावून.
एकशे बारा माणसांचे चार महिने, शेख म्हणाला,
आणि तू वजू करून आलास?
दर्ज्यानं या वेळी एक शब्द गिळला नाही,
उलट पदरचे दोन घातले.
रविवारी पगार झाला.

मग कागद सुरू झाला.
झाडं लावा. पाणी जपून वापरा.
शेजाऱ्याचा धर्म कुठलाही असो, त्याच्या दाराचा मान राखा.
मी कान देऊन ऐकतो. खोटं वाक्य अजून एक सापडलेलं नाही.
चादरीवर शब्द नाही.
कष्टाला मोल असतं असं आहे एका पानावर,
नाव कुणाचंच नाही.

शेख वाचतो. चष्मा लागलाय त्याला.
हेडफोन घालून बसलेला मी एकटाच,
म्हणून लोकांना येत नाही ते मला ऐकू येतं:
चौथ्या पानानंतर तो श्वास घेतो,
पोटातून, पूर्वीसारखा,
सुई उठते
आणि तोंडातून पुढची छापील ओळ निघते.

गेल्या जुम्म्याला चपलांच्या मांडणीपाशी त्यानं थांबवलं.
तुझ्या आईनं, म्हणाला, ती हिरवी चादर,
या वर्षीही चढवली का?
(कुणी सांगितलं याला? दर्जी तर कधीच परत गेला.)
आई रमजानमध्ये गेली, मी म्हटलं.
त्यानं तिथंच, उन्हात, हात उचलले.
ओठ हलले. माइक नव्हता, ऐकू काही आलं नाही.
कागदातलं नव्हतं, एवढं नक्की.
हे त्याला कागदानं शिकवलं, की वयानं, की भीतीनं,
मी विचारलं नाही.

आमच्या कंपनीनं नोव्हेंबरपासून पगार दिलेला नाही,
तेही बोललो नाही.
आत आलो. चिकटपट्टी कडेनं सुटत आली होती,
नखानं दाबून बसवली.
पाच.