लाईट गेली का

कळमन्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये
मी एकोणीस वर्षं थंडी सांभाळतो.
मिरची आठवर,
बटाटा चारच्या खाली गेला की गोड पडतो,
व्यापारी शिव्या घालतो.
एवढंच माझं शिक्षण.

धंतोलीच्या दवाखान्यात डॉक्टर लांजेवार म्हणाल्या,
वजा एकशे शहाण्णव.
मी म्हणालो, किती?
बाहेर शेहेचाळीस होतं,
कूलरची खस वाळून चरचरत होती.

त्यांनी लेटरपॅडच्या मागे चित्र काढलं, बदामाएवढं.
सोमवारपासूनचं औषध गाठ मारेल,
आणि बहुतेक हेही मारेल.
त्याआधी एका बाजूचं काढून
पातळ चकत्या करून ठेवता येतं.
लागेल तेव्हा.
लागलं तर.
नक्की सांगत नाही मी, म्हणाल्या.
तो दिवस गुरुवार होता.

श्रावस्ती अकरा वर्षांची.
डाव्या मांडीत गाठ,
म्हणून सहा महिने लंगडी उजव्याच पायावर खेळायची
आणि आम्ही म्हणायचो, पोरगी जिद्दीची आहे.

माझी बहीण म्हणाली,
पयले पोरगी तं वाचू दे, दादा,
नातवंडाचं काय घेऊन बसला!
तिचं चुकलं नव्हतं.
रत्नमाला काहीच बोलली नाही,
तिनं पोरीची वेणी घातली,
सोडली,
पुन्हा घातली.

माझ्या डोक्यात एक शब्द आला, बेणं.
बेण्याचा बटाटा आम्ही वेगळ्या चेंबरला ठेवतो,
पोत्याला हिरवी सुतळी.
तो शब्द मी गिळला.
माझी लेक म्हणजे काही
पुढच्या हंगामाचं पोतं नाही.

मग डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यापुढे बसल्या,
आमच्याकडे पाठ करून.
सगळं सांगितलं तिला, न गोंजारता.
ती म्हणाली, म्हणजे बाबाच्या बटाट्यावानी?
हो, जवळपास.
आणि मले पाहिजेच नसलं तं?
तर नाही वापरायचं. तुझं आहे ते.
मोठी झाल्यावर तूच ठरव.

मोठी झाल्यावर.
आठ दिवसांत तिच्यासमोर
कुणीच हा शब्द उच्चारला नव्हता.
आम्ही सगळे सोमवारपर्यंतच बोलत होतो.

फॉर्मवर तिनंही सही केली.
आयुष्यातली पहिली सही,
गजभिये इतकं लांबवलं
की शेवटचा 'ये' चौकटीच्या बाहेर गेला.

दुसऱ्या पानावर एक रकाना होता,
मृत्यू झाल्यास.
मी पान उलटून टाकलं.
काउंटरवरच्या मुलीनं पान परत उलटलं
आणि नुसतं बोट ठेवलं,
काका, हेही.
कुठल्या चौकटीत खूण केली
ते रत्नमालालाही अजून सांगितलेलं नाही.
मोटारसायकल विकली ते मात्र
सगळ्या मोहल्ल्याला माहीत आहे.

हा तिसरा उन्हाळा.
केस परत आले, आधी सरळ होते, आता कुरळे.
डावा पाय अजून ओढते.
दर तीन महिन्यांनी तपासणी,
दर वर्षी एप्रिलमध्ये साठवणुकीची पावती,
ती मी वीजबिलांच्या फाइलीत लावतो.
परवा तिनं ती पाहिली,
म्हणाली, माझं भाडं भरलं का?
आणि आंबा खात टीव्हीपुढे गेली.

त्याच रात्री वावधन सुटलं,
अख्ख्या कळमन्याची लाईट गेली.
मी जनरेटर लावला,
चारही चेंबरचे दरवाजे खांद्यानं दाबून पाहिले,
आणि पावणेदोन वाजता धंतोलीला फोन केला.
पडोळे नावाचा रात्रपाळीचा पोरगा होता.

लाईट गेली का तुमच्याकडे?
गेली ना काका, तासभर झाला.
मग?
मग काय? नायट्रोजनले लाईट नाही लागत.
टाकीत भरलेला असते,
तो थोडा थोडा उडत राहते,
आम्ही थोडा थोडा टाकत राहतो.
झोपा तुम्ही.

बरं, म्हणालो.
जनरेटरमध्ये डिझेल किती उरलं
ते काडी बुडवून पाहिलं.
माझ्या बटाट्यांना लाईट लागते.