शिवणं

शीतलामाता बाजारात, मोटवानींच्या दुकानाच्या ओट्यावर
मशीन कमरूभाईंचं, ते पिको करतात.
मी शेजारी चटईवर, हाताने फॉल लावते.
अकरापासून रात्री आठपर्यंत
इंदूरच्या बायकांच्या पायाशी बसलेली असते मी,
म्हणजे त्यांच्या साड्यांच्या त्या कडेशी
जी रस्ता झाडते, चिखल पुसते
आणि फोटोत कधी येत नाही.

हल्ली सुईत दोरा लवकर जात नाही.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, उजवा रांगेत उभा.
दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करते, नेम धरते, हुकते.
उंटाचं राहू दे देवा, म्हणते,
एवढा दोरा तेवढा जाऊ दे.
जातो. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पण जातो,
आणि दर वेळी
राज्य मिळाल्यासारखी हसते मी.

पूर्वी अशी नव्हते.
रविवारी छावणीच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून
देवासमोर थकबाकी मांडायची.
मिलचे अडकलेले पैसे. फिलेमोनची छाती.
मुलाचं पक्कं काम. गळकं छप्पर.
पैसे आले नाहीत.
फिलेमोन गेला, वाट बघता बघता.
मुलगा पीथमपूरला ठेकेदाराकडे, अजून कच्चाच.
छप्पर तेवढं झालं, तेही पत्र्याचं.

मग एका रविवारी पाळकसाहेब सांगत होते
त्या बारा वर्षं आजारी बाईचं.
गर्दीतून मागून आली
आणि त्याच्या वस्त्राच्या काठाला शिवली.
सगळं चर्च त्या बाईकडे बघत होतं.
मी काठाकडे.

शिवली.
आपल्या भाषेत किती सोय आहे बघा,
हात लागला तरी शिवणं, टाका घातला तरी शिवणं.
माझ्या पणजीला जालन्याकडच्या गावात
एकच शिवणं ठाऊक होतं, तेही नकारात:
शिवू नकोस.
पाण्याला नको, ओसरीला नको,
सावलीसुद्धा आवरून धर.
बसल्या बसल्या माझ्या डोळ्यांना धार लागली
आणि शेजारच्या शिरसाठांच्या सुनेनं
घाबरून मला पेपरमिंटची गोळी दिली.

तो काठ कुणीतरी शिवलाच असेल ना?
पाळकसाहेबांना दारात गाठून विचारलं.
म्हणाले, सलोमीबाई,
त्याचा झगा बिनशिवणीचा होता, शास्त्रात आहे.
मी म्हटलं, झगा असेल, साहेब.
काठ दुमडावा लागतो, नाहीतर सूत सुटतं.
हे माझ्या शास्त्रात आहे.

गालीलातली कुणी बाई असेल.
दिव्याचं तेल वाचवत उजेडाकडे तोंड करून बसलेली.
तिला कुठे माहीत
की या चार बोटं कापडावर
कुणाची बारा वर्षं येऊन थांबणार आहेत.
तिनं टाके घातले, दोरा दातांनी तोडला,
आणि उठून भाकरी टाकायला गेली असेल.

तेव्हापासून मी थकबाकी मांडत नाही.
म्हणजे, मांडते कधी कधी. सवय जात नाही.
पण बहुतेक वेळा नुसती बसते त्याच्यापाशी,
जशी कमरूभाईंच्या शेजारी बसते,
ते त्यांचं काम करतात, मी माझं.

परवा ते म्हणाले, क्या बात है बहनजी,
मिल का पैसा आ गया क्या?
नाही म्हटलं.
तो फिर?
मला सांगता येईना.
त्यांनी कागदावरचा गराडू माझ्याकडे सरकवला,
वर लिंबू पिळलेला, अजून गरम.
खाल्ला. जीभ भाजली. फार छान होता.

आज शेवटची साडी जांभळी, सुती,
एम वाय हॉस्पिटलातल्या कुण्या नर्सची.
बारा तास उभी राहत असेल ती या काठावर.
शेवटची गाठ मारली
आणि हात तिथंच ठेवला, क्षणभर.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
गर्दी फार होती.