ॲव्हरेज

डोरीन सटक्लिफच्या खुराड्यात नुसता सांगाडा होता
आणि त्यावर दोन कोंबड्या, सातबारा नावावर असल्यासारख्या.
"पुढच्या उन्हाळ्यात जोडतो म्हणायचा," ती नवऱ्याबद्दल म्हणाली,
"असे एकतीस उन्हाळे."
चाळीस पौंड. कोंबड्यांची समजूत तू काढ.

मी हॉस्पिटलात लोकांचे एक्स-रे काढते.
हाडातली चीर मला लांबून दिसते.
फ्रेमच्या मानेपाशी तशीच होती एक,
गंजाखाली, केसाएवढी.
टॉडमॉर्डनच्या वेल्डरला आधी पटलं नाही,
मग चष्मा लावल्यावर पटलं.

चोपन्न सालची बँटम. पण टाकी दुसऱ्याच कुणाची,
हँडल खाटकाच्या पोऱ्याच्या सायकलचं,
सीटला माझ्या जुन्या सोफ्याचं कातडं.
जाणकार नाक मुरडतात: ही अस्सल नव्हे.
नसू दे.
माझं पुरणही इथं पिवळ्या वाटाण्याचं असतं.

रंगवाल्यापुढे मी वांगं ठेवलं,
रॉचडेलच्या बाजारातलं, काळंजांभळं,
देठाशी जरा उजळ.
त्याने सगळी कार्डं चाळली, दिव्याखाली वांगं फिरवलं,
बायकोला हाक मारली.
"ह्याला नाव नाही," म्हणाला, "पण जमवतो."
वांगं परत दिलं नाही.

सांगलीहून भावोजींचा फोन: ॲव्हरेज किती देते?
देत नाही, म्हटलं. घेते.
शनिवार घेते. नखांखालची जागा घेते.
गेल्या साली अख्खा नोव्हेंबर घेतला
एका स्प्रिंगपायी, जी टपालात हरवली
आणि चौदा नंबरच्या घरी सापडली.
बरं, पळते तरी किती?
उताराला पंचेचाळीस मैल. चढाला तिच्या मनावर.
"बरं," ते म्हणाले,
आणि त्या एका "बरं"मध्ये
माझ्या बावन्न वर्षांना माफी होती.

त्यांना कसं सांगू, रात्री दहाला
चाक हळू फिरवायचं, कान लावायचा,
ढिली तार वेगळी वाजते.
पाव आटा. परत पाव.
कधीतरी चाक डुलायचं थांबतं.
दुसऱ्या दिवशी मी पेशंटशी जरा बरी बोलते.

मार्चमध्ये अकराव्या किकला ती खोकली.
डोरीन पालथ्या बादलीवर, हातात चहा.
काहीच बोलली नाही. उठून घरात गेली,
बटणांचा डबा म्हणून वापरलेली हेडलाइटची वाटी
रिकामी करून घेऊन आली.
तळाशी एक बटण चिकटलेलंच होतं. मी काढलं नाही.

पहिल्याच चढावर एका सायकलवाल्याने मला मागे टाकलं.
सत्तरीचा असेल, गुडघे उघडे. त्याने हात केला,
मीही केला.
मेंढ्यांनी मान वर केली नाही.
वर तलावापाशी इंजिन बंद केलं.
सिलिंडरच्या पाकळ्या टिक् टिक् निवत राहिल्या
बराच वेळ.

घरी येऊन कार्ब्युरेटर पुन्हा उघडला.
बिघाड काही नव्हता.
बघायचं होतं.