ब्लोहोल

एकतीस वर्षं शिरोलीला फौंड्रीत होतो, तपासणीवर.
हातोडीचा एक टोला द्यायचा आणि कान लावायचा.
धड माल घंटेसारखा वाजतो.
आत पोकळी असली तर
डबक्यात ढेकूळ पडल्यासारखा.
खडूनं फुली, माल बाजूला. वाद नाही.

शुक्रवारी रात्री बाल्कनीत
आदगोंडाच्या शेजारी बसून मी तेच करतो.

पहिला खून झाला की माझी हातोडी उठते.
बाईनं आतून कडी लावली होती,
मग ओली छत्री बाहेरच्या खुंटीला कुणी टांगली?
दाखवलीत ना तुम्ही छत्री? दोन वेळा, जवळून,
टोकाचा थेंब पडेपर्यंत.
मी ती छत्री धरून बसतो अडीच तास,
दिवे लागतात, लोक उठतात,
छत्री माझ्याच हातात.

खून म्हटला की पाऊस. कोरड्यात माणूस मरत नाही?
इन्स्पेक्टर म्हटला की दाढी वाढलेली, बायको सोडून गेलेली,
भिंतीवर फोटो आणि फोटोंना लाल दोरा.
आमच्या गल्लीतल्या दत्तू हवालदाराच्या भिंतीवर
गॅस नंबर लावल्याची तारीख असायची फक्त,
तरी त्यानं विहिरीवरच्या मोटारी चोरणारे तिघं धरले,
तेही जेवण चुकवलं नाही.

घरी टीव्हीवर लावलं तर सरोजिनी
शेंगा फोडता फोडता विसाव्या मिनिटाला म्हणते,
तो डॉक्टर.
कशावरून?
नुसतं इंजेक्शन द्यायला एवढा महागाचा नट घेतील व्हय?
आणि टरफलं गोळा करून झोपायला जाते.
मी एकटा जागतो डॉक्टरसोबत.

जुळा भाऊ निघाला तर मात्र उठावंसं वाटतं.
जुळा भाऊ म्हणजे ब्लोहोलमध्ये भरलेली लांबी, वरनं रंग.
कारखान्यात असं सापडलं असतं
तर संध्याकाळच्या आत हिशेब हातात.

शेवटी खुनी पिस्तूल रोखतो
आणि सांगायला लागतो.
आदगोंडा डोळे न उघडता विचारतो, काय चाललंय?
बालपण.
मग उठव नंतर.

मला फसवू नका असं नाही माझं म्हणणं.
फसवा की. त्यासाठीच तर पैसे मोजलेत.
पण सरोजिनी रमीत फसवते तसं फसवा,
पत्ते सगळे सतरंजीवर असताना,
माझ्याच डोळ्यांदेखत.

मागच्या शुक्रवारी सुटल्यावर रंकाळ्यावरनं चालत आलो.
भेळेच्या गाड्या ताडपत्रीत गुंडाळलेल्या, वारा पडलेला.
संध्यामठाच्या अलीकडं कठड्याला एक सायकल टेकवलेली.
आसपास कुणी नाही.
आदगोंडानं कॅरियरवरच्या डब्याला हात लावला.
गरम हाय, म्हणाला.
आम्ही पाण्याकडं बघितलं.
पाणी काही बोलत नव्हतं.
हाक मारावी का, कुणाला, काय म्हणून,
माझ्या तोंडाला कोरड,
आदगोंडाची झोप कुठल्या कुठं.
चार मिनिटं असतील. ना संगीत, ना काही.

मग झुडपामागनं एक माणूस पँट सावरत आला.
काय बघताय वो?
काही नाही, म्हटलं. डबा गरम होता.
असणारच, बायकोनं आत्ता दिला, म्हणाला,
टांग मारून गेला.

आदगोंडा हसत सुटला, पार रंकाळा वेशीपर्यंत.
मीही हसलो. पण वळताना त्याची पिशवी
दिव्याखालून गेली. वर लहान मुलाचा बूट होता,
कोरा, लेबलासकट.
एकच.

अकरा दिवस झाले.
सरोजिनीला सांगितलं. ती म्हणाली,
दुसरा खाली असेल पिशवीत.
असेल.
मी मनातल्या मनात टोला देऊन बघतो,
कान लावतो,
आणि खडू हातात तसाच राहतो.