घाई नाही

कार्लाइलच्या बाहेर, टायरच्या गोदामाला लागून
आमची ॲम्ब्युलन्सची फोन-खोली.
पहिल्या रात्री युनिस ब्रेथवेट म्हणाली,
चहात बुडवलेलं बिस्किट मोडायच्या आत तोंडात टाकत :
"जो ओरडतोय, तो श्वास घेतोय.
माफी मागणाऱ्याकडे कान दे."

हे समजायला मला दोन हिवाळे लागले.
माझ्या भाषेत जोर शब्दाच्या शेपटीला बांधतात,
एक अक्षर, शेळीच्या गळ्यातल्या घंटेएवढं :
आत्ताच. इथेच. तूच.
डोळे मिटूनही कळतं, कुठे दुखतंय.
इथली माणसं घंटा काढून खुंटीला लावतात
आणि मग कळप धुक्यात सोडतात.

शुक्रवारी रात्री शहरातून फोन येतात :
"मरतोय मी, लिटरली! लिटरली!"
बोटात बाटलीची काच.
टोटली, सीरियसली, ॲब्सोल्यूटली —
एकावर एक रचलेल्या खुर्च्या,
त्यावर चढून माणूस जेमतेम दिव्याला हात लावतो.
मी त्याला टॉवेल गुंडाळायला सांगते.
त्याच्याशीही नीट बोलायचं असतं. काचही खुपतेच.

"क्वाइट" मी वहीत तीनदा लिहिला, तीनदा खोडला.
युनिस "क्वाइट गुड" म्हणते, तेव्हा केक उरतो.
तिची आई "क्वाइट गुड" म्हणते, तेव्हा बशी चाटून पुसून लख्ख.
"विथ रिस्पेक्ट" ऐकलं की आमचे साहेब खुर्ची मागे सरकवतात.
आणि "बाय द वे" —
सगळं बोलून झाल्यावर, कोट चढवून,
दाराच्या मुठीवर हात ठेवून म्हटलेलं "बाय द वे" —
माणूस तेवढ्यासाठीच आलेला असतो.

तर जानेवारीतली ती रात्र. चाराला वीस कमी.
"सॉरी टू बॉदर यू, लव्ह."
डोरीन टायसन, डोंगरातलं शेवटचं शेत.
आधी तिने रस्त्यावरच्या बर्फाचं सांगितलं.
मग फाटकाचं : कडी उचलून डावीकडे ढकला,
आणि लावून घ्या, नाहीतर मेंढ्या सुटतील.
मग कुत्र्याचं. नाव मॉस. भुंकतो, चावत नाही.
"आणि विल्फ्रेडला जरा बरं नाहीये.
अ बिट. छातीत.
एखादी गाडी मोकळी झाली की पाठवा. घाई नाही."

घाई नाही.
युनिसने दुसरा हेडफोन कानाला लावला होता.
तिचं बिस्किट तुटून चहाच्या तळाशी गेलं.
श्वास घेतायत का ते?
"फारसा नाही," डोरीन म्हणाली.

मी गाडी सोडली. मग तिला म्हटलं,
फोन जमिनीवर ठेवा, गुडघ्यांवर बसा,
छातीच्या मधोमध तळहातावर तळहात. दाबा. आणखी जोरात.
"त्याला दुखेल ना पण."
दुखू दे, मी म्हटलं, जोरातच दाबा.
तो च मी इंग्रजीत कसा म्हटला, अजून आठवत नाही.

ती मोजू लागली. वन टू थ्री नव्हे,
तिकडच्या मेंढपाळांची जुनी मोजणी : यान, टॅन, टेथरा...
ती विसापर्यंतच जाते.
विसाला पोचली की पुन्हा यान.
अठ्ठावीस मिनिटं पुन्हा यान.
मागे मॉस भुंकत होता, आणि मग भुंकणं बदललं,
आणि कुणीतरी फाटकाची कडी उचलली.

एप्रिलमध्ये कार्ड आलं. वर मेंढीचं चित्र.
आत : हवा बरी आहे. कोकरं चौतीस.
विल्फ्रेड सुपाला नावं ठेवतो.
आणि अगदी खाली, सहीच्या वर उरलेल्या चिंचोळ्या जागेत :
त्या रात्री तुम्ही रादर काइंड होतात.

"रादर"खाली पेनाची रेघ.
आणि ती रेघ, मागाहून लाज वाटून,
नखाने खरवडायचा प्रयत्न केलेला.