चौथी टाकी, पहाटे तीन

तिएते नदीच्या या वळणावर
कुंपणाच्या जाळीतून ऊस आत डोकावतो,
आणि वारा पडला की मळीचा वास
माझ्या केसांत मुक्कामाला येतो.
रोझेली म्हणते, आई, तुला करपलेल्या गुळाचा वास येतो.

चार टाक्या. एकेकीत दीड लाख लिटर.
बत्तीस अंश, पीएच सात,
अमोनियाचा फुत्कार मोजूनमापून.

यांचा मूळपुरुष डॉक्टर अस्सुंसाव यांना सापडला,
मी शाळेत होते तेव्हा.
साधा जिवाणू लायसिन करतो आपल्यापुरतं,
पोट भरलं की हात आखडतो.
डॉक्टरांनी ताटात खोटं लायसिन वाढलं,
दिसायला तेच, अंगी न लागणारं.
भोळे सगळे म्हणाले, आहे की भरपूर,
आणि तसेच उपाशी मेले.
एका थाळीत एकच ठिपका उरला,
मोहरीएवढा, पिवळट.
त्याला ‘पुरे’ हा शब्द ऐकूच येत नव्हता.
त्याचंच विरजण अजून चालू आहे.

मला त्यांना हावरट म्हणवत नाही.
करतात ते सगळं बाहेर टाकतात,
कुठल्या कुठल्या देशांतल्या कोंबड्यांसाठी.
साखर एकदम ओतली तर बिघडतात,
म्हणून थेंब थेंब,
आणि डोळा ऑक्सिजनच्या काट्यावर.
काटा चढला म्हणजे श्वास मंदावला,
म्हणजे भूक लागली.
वाढायचं. काटा उतरतो.
एकोणीस वर्षं हीच आमची बोली.

काल तीन वाजता काटा चढला.
वाढलं.
उतरला नाही.
पुन्हा वाढलं.
वाल्मोर म्हणाला, काटाच बिघडला असेल.
मी काचेवर बॅटरी धरली:
वर उतू चाललेला फेस,
खाली रस निवळलेला, कोऱ्या चहासारखा.

जिवाणूंनाही साथ येते,
त्यांच्याहून बारीक कुणाची तरी.
सूक्ष्मदर्शकाखाली नुसती टरफलं.

उजाडताना टाकीत वाफ सोडली, एकशे एकवीस अंश.
नळ्या कण्हल्या.
वहीत साहेबांनी लिहिलं: बॅच चारशे अठरा, नष्ट.
‘कारण’पुढची ओळ माझ्याकडे सरकवली.
विषाणू, लिहिलं मी.
लिहिणार होते:
वाढलं, पण जेवले नाहीत.

घरी रोझेली कॉफीत साखर घालत होती,
लक्ष सगळं फोनमध्ये.
दोन चमचे. तीन. चार.
मी काही बोलले नाही.
फार गोड झाली होती.
सगळी प्याले.