शटरिंगची फळी

शारजाच्या पलीकडे, वाळू आणि सिमेंट प्लांटच्या मधे
जागेचं नाव सजा.
नाव अरबी आहे, अर्थ वेगळा असेल.
आम्ही मराठीतला भोगतो.

माझ्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला येशू
जालन्याच्या मिशन कॅलेंडरवरचा, डिसेंबर फाटलेला,
सोनेरी केस, काखेत कोकरू.
आमच्या वस्तीत गोरा माणूस एकच, भिंतीवरचा.
मिशनच्या दवाखान्यात फरशी पुसणारे बाबा म्हणायचे,
साहेब गेला, घाईत फोटो विसरला.
मी सुतार. त्याचे तळवे आधी बघतो.
इतकी वर्षं रंधा मारून एवढे मऊ?

वरच्या बंकवर रोदेलियो, उसाच्या बेटावरचा.
पाठीवर गोंदलेला काळा ख्रिस्त, क्रुसाखाली वाकलेला.
रोदेलियो शर्ट काढतो तेव्हा
घाम दोघांनाही आलेला असतो.
त्याचा मामा पाद्री. ऊसतोड्यांबरोबर डोंगरात गेला,
परत आला तो फक्त चष्मा.
मामाच्या देवळात येशूच्या हातात कोयता होता, तो सांगतो,
बिशप यायचा त्या दिवशी कोयत्यावर फुलं ठेवायचे.
खालच्या बंकवर वर्गीस हसतो. त्याच्या उशीखाली
बायबल आणि पक्षाचं जुनं सभासद कार्ड,
एकाच रबरबँडमध्ये.

मला दोन्ही नको होतं. मला पगार हवा होता.
चार महिन्यांचा.

जुलैत यल्लय्या चौदाव्यावरून पडला.
करीमनगरचा, कुठल्याच देवाचं फारसं न मानणारा.
मग एका रात्री कुणीतरी
माझ्या फळीवर निळ्या मार्करने माणूस काढला:
हेल्मेट, कमरेला पट्टा, हुक कशालाच न लावलेला,
दोन्ही हात पसरून पाइप धरलेले.
छातीवर नंबर ४४१७.
यल्लय्याचा.

सिवानचा मुश्ताक म्हणाला, हा कोण?
मी म्हणालो, सुतार.
मग आपल्यातलाच, म्हणाला आणि चहा पुढे केला.

सकाळी बस आली. कुणी चढलं नाही.
दोनशे माणसं खडीवर बसली.
घोषणा नाही, झेंडा नाही,
घसा तर धुळीने आधीच बसलेला.
फळी पुढे उभी केली
कारण सावली तेवढीच होती.

कंपनीचा माणूस आला. पुढारी कोण?
एक विमान गेलं. दुसरं गेलं.
रोदेलियोने फळीकडे बोट केलं.
त्या माणसाने नंबर उतरवून घेतला, यादी चाळली,
कपाळ पुसलं.
हा तर मेलाय.
मागेही एकदा असंच लिहून घेतलं होतं,
वर्गीस मल्याळीत पुटपुटला.
भाषांतर कुणी केलं नाही.

दोन महिन्यांचे पैसे आले. दोन बुडाले.
रोदेलियोचा व्हिसा गुरुवारी संपवला,
शुक्रवारी त्याच्या गादीवर नवा माणूस.
त्याच शुक्रवारी देवळात (बाहेरून गोदाम, क्रूस आत)
पास्टरांनी मालकांसाठी प्रार्थना सांगितली.
मी आमेन म्हणालो. सवय.

फळी घासून टाक, असा हुकूम माझ्यावर आला.
मी ती उलटी केली, चित्र आत,
नऊ नंबरच्या पिलरला ठोकली.
तेल मुद्दाम लावलं नाही.
वरून काँक्रीट पडलं तेव्हा
आतून काही ऐकू येतं का म्हणून
कान लावला, तर व्हायब्रेटरच घुमत होता.

दोन दिवसांनी फळी ओढली. तिची सालं निघाली.
पिलरवर फिकट निळा तो,
उजव्याचं डावं झालेला,
नंबर वाचायला आरसा लागेल.
आता त्यावर गिलावा, पुट्टी, पांढरा रंग,
समोर कुणाचा तरी सोफा.
बरगडीच्या जागी हवेचा बुडबुडा राहिला होता,
एक खळगा, बोट मावेल एवढा.

गिलावेवाले यायच्या आधी
मी त्यात बोट घातलं.
अजून गरम होतं.